जाखडी : रत्नागिरीच्या अंगणातून परळ आणि मॉरिशसपर्यंत

जाखडी हा रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या शेतकरी वाड्यांमध्ये गौरी-गणपतीच्या दिवसांत होणारा समूहनाच आहे. मुंबईत त्याला बाल्या नाच म्हणतात. दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर आले की त्यालाच शक्ती-तुरा हे नाव मिळते. हा नाच मुख्यतः कुणबी समाजाने सांभाळला. एकोणिसाव्या शतकापासून तो दोन वाटांनी जिल्ह्याबाहेर गेला. एक वाट गिरण्यांच्या मुंबईची, दुसरी उसाच्या मळ्यांच्या मॉरिशसची. परमुलखात गेलेली लोककला मूळ गावापासून तुटते आणि हळूहळू विझते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जाखडीचा इतिहास ती खोटी पाडतो. ही कला आज जिवंत आहे ती गाव सोडून गेलेल्या माणसांमुळे.

गावातल्या जाखडीचे वेळापत्रक भातशेतीने ठरवलेले आहे. आषाढात लावणी उरकते आणि कापणीला अवकाश असतो. मधल्या श्रावणात वाडीतले गडी रात्री जेवणे झाली की एखाद्याच्या पडवीत किंवा देवळात तालमीला जमतात. चतुर्थीला घरोघर गणपती बसले की नाच बाहेर पडतो आणि गौरी-विसर्जनापर्यंत घरोघरच्या अंगणात फिरतो. अंगणाच्या मधोमध शाहीर, मृदुंगवाला, झांजवाले आणि झील धरणारे बसतात. त्यांच्याभोवती आठ-दहा नाचे रिंगण धरतात. डोक्याला फेटा किंवा रुमाल, कमरेला शेला आणि एका पायात चाळ. चाळ एकाच पायात बांधण्यामागे चांगली जाण आहे. दोन्ही पायांत घुंगरू असते तर आवाज अखंड राहिला असता. एका पायात ते असल्याने ठराविक पाऊल पडले की दहा जणांचा मिळून एकच ठोका उठतो आणि पुढच्या पावलाला तो थांबतो. ही उघडझाप मृदुंगाच्या बोलांना उत्तर देत राहते. लय आधी संथ असते. नाचे कमरेत वाकून, जमिनीकडे पाहत पावले टाकतात. शाहिराने ओळ उचलून धरली, झीलकऱ्यांनी ती वर नेली की मृदुंग दुगणीत जातो आणि रिंगण फिरू लागते.

मृदुंग हा या नाचाचा कणा आहे. त्याच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोल थापतात, त्यामुळे आवाजाला खर्ज येतो. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे सैल पडते. म्हणून प्रत्येक घरी बारी, म्हणजे नाच-गाण्याचा कार्यक्रम, सुरू होण्याआधी वाद्या ताणून आणि ठोकून सूर पुन्हा जुळवावा लागतो. एका रात्रीत सात-आठ घरे करायची तर हे काम तितक्याच वेळा होते. चांगला मृदुंगवाला वाडीत एखादाच असतो आणि त्याचा मान शाहिराच्या खालोखाल असतो.

गाण्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण, तिच्यात कृष्ण आणि गवळणींची थट्टामस्करी. त्यानंतर रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर रचलेली पदे, आणि शेवटी निरोपाचे गाणे. घरधनी नारळ, विडा आणि ऐपतीप्रमाणे पैसे देतो. ते पैसे नाच्यांमध्ये वाटले जात नाहीत, वाडीच्या सामाईक खर्चाला जातात. ही साधी प्रथा पुढे मुंबईत फार मोठ्या कामाला आली.

शक्ती-तुऱ्याचा वाद कोकणापुरता नाही. पेशवाईच्या काळात घाटावरच्या शाहिरांमध्ये कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष होतेच. राजस्थान आणि माळव्यातही तुर्रा-कलंगी या नावाने हीच परंपरा चालते. तिथे सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकेप्रमाणे तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात काव्याची झुंज झाली. चंदेरीच्या राजाने खूश होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली. आख्यायिका म्हणूनच ती घ्यायची, पण एक हिंदू आणि एक मुसलमान साधू या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व मांडतात. कलगीवाले आदिशक्तीचे, प्रकृतीचे. कोकणात कलगीला सरसकट शक्ती म्हटले जाते. घाटावर हा वाद तमाशाच्या फडात रंगला आणि पुढे तिथे मागे पडला. कोकणात तो गणपतीपुढच्या नाचाला जोडला गेला आणि टिकला.

या वादाची भाषा उच्च शिक्षण घेतलेल्या माणसालाही चकित करणारी आहे. पिंडी ते ब्रह्मांडी, पंचमहाभूते, पंचवीस तत्त्वे, देहातली चक्रे अशा विषयांवर एक शाहीर कोडे घालतो आणि दुसऱ्याने ते त्याच चालीत, तिथल्या तिथे सोडवायचे असते. न सोडवता आले तर भर सभेत हार मानावी लागते. त्यासाठी शाहिराला पोथ्या मुखोद्गत हव्यात. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरांनी लिहिलेले हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप, त्यांच्याच नावावरचे शिवलीलामृत, शिवाय नवनाथांची पोथी आणि देवीपुराण. चार यत्ता शिकलेला, दिवसा नांगर धरणारा माणूस सांख्यांच्या प्रकृती-पुरुष विचारावर रात्रभर गात असे. कुळवाड्यांच्या या ज्ञानपरंपरेची नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत अगदी तुटपुंजी आहे. शाहिरांची घराणी गुरुपरंपरेने चालतात. पदाच्या शेवटी गुरूचे, गावाचे आणि स्वतःचे नाव गुंफले जाते. त्यामुळे एखाद्या जुन्या वहीतले पद वाचले तरी ते कोणत्या घराण्याचे, हे कळते.

हा नाच गावाबाहेर का गेला, याचे उत्तर जमिनीत आहे. रत्नागिरीत खोती पद्धत होती. गावाचा सारा गोळा करणारा खोत कुळांकडून पिकाचा मोठा वाटा घेई आणि डोंगरउताराची वरकस जमीन कुटुंबाला वर्षभर पोसू शकत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, पण खोती प्रत्यक्षात संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. तोपर्यंत तीन पिढ्या मुंबईला गेल्या होत्या. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागून गिरण्यांची रांग लागली. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. तरीही एकाच जिल्ह्याने एका महानगराच्या मुख्य धंद्याला एवढी माणसे पुरवल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

गेलेल्यांमध्ये बहुतेक पुरुष होते. बायका-मुले शेतीसाठी गावी राहत. लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, वरळी या भागांतल्या चाळींत एकेका गावाने किंवा वाडीने मिळून एक खोली घेतलेली असे. तिला गावकीची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या जागेत वीस-पंचवीस गडी राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायला येई. जेवण खानावळवालीकडे. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेली असे आणि खुंटीला मृदुंग टांगलेला असे. वाडीचे मंडळ इथेच स्थापन होई. वर्गणी, दुखणेकऱ्याला मदत, मयताचा खर्च, नव्या पोराला गिरणीत लावणे, ही कामे ते करी. सुट्टीच्या दिवशी चाळीच्या गच्चीवर किंवा मधल्या चौकात तालीम होई. ज्या माणसांना वर्षातले दहा-अकरा महिने गाव दिसत नव्हते, त्यांना एकत्र बांधून ठेवणारी ही सर्वात स्वस्त आणि सर्वात पक्की दोरी होती.

१८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी त्याला राजकीय बळ दिले आणि गाणाऱ्या मेळ्यांना शहरात मान मिळाला. पण कोकणी गड्याचा गणपती गावच्या घरात बसे. त्यामुळे जाखडीचा मुंबईतला हंगाम गणपतीच्या आगेमागे पसरला. गणपतीआधी तयारीच्या बाऱ्या, गणपतीत गाव, आणि परत आल्यावर शिमग्यापर्यंत जंगी सामने. चाळीच्या चौकातून हे सामने नाट्यगृहात शिरले. त्यात परळच्या दामोदर नाट्यगृहाचे नाव पहिले घ्यावे लागते. कामगारनेते ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू १९२२ ची. गिरण्यांच्या मध्यभागी असल्याने पाळी सुटलेला कामगार चालत तिथे पोहोचे. जाखडी, नमन, दशावतार या कोकणच्या कलांना शहरात पहिले हक्काचे छप्पर मिळाले ते इथे.

नाट्यगृहाने नाच बदलला. अंगणात चारी बाजूंनी माणसे असत. रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला बसतो. शाहीर आणि वादक मधून उठून मागच्या चौथऱ्यावर गेले, नाचे पुढे आले आणि रिंगण उघडून ओळी, मनोरे, गोफ यांना वाव मिळाला. रात्रभर चालणारी बारी चार-पाच तासांत बसवावी लागली, म्हणून लांबलचक आख्याने आखडली आणि सवाल-जवाब वाढले. मृदुंग-झांजेच्या जोडीला ढोलकी, बेंजो आणि पुढे ऑर्गन आले. नाट्यसंगीताच्या, भजनाच्या, नंतर सिनेमाच्या चालींवर पदे बांधली जाऊ लागली. जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही आणि त्यांची तक्रार अगदीच गैर नव्हती. सामन्याची चुरस वाढली तसे काही शाहीर तत्त्वचर्चा सोडून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊ लागले. टाळ्या मिळवण्यासाठी द्व्यर्थी ओळी घालणे हा या कलेला लागलेला खरा रोग आहे. सिनेमाच्या चालीने तिचे तेवढे नुकसान केलेले नाही.

मात्र तिकिटाने जे साधले ते गावाला विसरता येणार नाही. वाडीचे मंडळ नाट्यगृह भाड्याने घेई, दोन नावाजलेले शाहीर ठरवी आणि गावकरी घरोघर फिरून तिकिटे खपवीत. त्या पैशातून गावी देवळाचा जीर्णोद्धार होई, शाळेची खोली उभी राही, नळपाणी योजनेतला लोकवाटा भरला जाई, वाडीपर्यंत रस्ता जाई. अंगणातल्या नारळ-विड्याचे पैसे सामाईक खर्चाला लावण्याची जुनी रीत मुंबईत अशी विस्तारली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांची सुधारणा जाखडीच्या तिकिटांवर झालेली आहे.

गावी जाण्याचा काळही नाचाला अनुकूल होता. एसटी आणि रेल्वे येण्यापूर्वी जिल्ह्याचा मुंबईशी संबंध समुद्रातून होता. पावसाळ्यात आगबोटी बंद असत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागे आणि गणपतीच्या सुमारास चाकरमानी दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांत उतरत. ट्रंकेत नवे कपडे, गणपतीच्या मखराचे सामान आणि त्या वर्षी मुंबईत रचलेल्या पदांची वही असे. वाडीत राहिलेले गडी ती पदे उचलत. पन्नास-साठ वर्षांत उलटी गंगा वाहू लागली. नवी पदे, नवे वेश, नवी पावले मुंबईत घडत आणि गावात शिकली जात. आज रत्नागिरीच्या खेड्यात जी जाखडी अस्सल गावरान म्हणून दाखवली जाते, तिच्यावर परळ-लालबागची छाप स्पष्ट आहे. त्यात कमीपणा काही नाही. गाव आणि शहर या दोन्ही ठिकाणी एकच माणूस राहत होता.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना परतीची बोट नव्हती. ब्रिटिशांनी गुलामगिरी रद्द केल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे नेले गेले. बहुतेक बिहार आणि पूर्वांचलातले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले मराठी लोक होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मराठी कुटुंबे मुख्यतः बेटाच्या पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात आणि आसपासच्या मळ्यांवर वसली. पिढ्या गेल्या तशी घरातली बोली क्रिओल आणि भोजपुरी झाली. गणपती मात्र राहिला. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा परिसरातल्या एका मराठी कुटुंबात झाल्याचे मानले जाते, आणि आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी आहे.

त्या गणपतीपुढे नाचला जातो तो झाकरी. उच्चार बदलला, पण नाव ओळखीचे आहे, आणि नाचही. ढोलक-झांजेच्या तालावर पुरुष फेर धरतात, राम-कृष्णाच्या कथा गातात, रात्र जागवतात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी रोजच्या व्यवहारात बोलता येत नाही, तरी शब्द तोंडपाठ असतात. मुंबईत जाखडीचा सामना झाला, तिकीट आले, रंगमंच आला. मॉरिशसमध्ये ती गणपतीची सेवाच राहिली. तिच्या मदतीला कोणी चाकरमानी नवी वही घेऊन येत नव्हता, त्यामुळे बापाने मुलाला दिलेले तेवढेच हातात होते आणि ते जपणे हाच धर्म झाला. १९६० मध्ये मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन स्थापन झाले आणि विखुरलेल्या मंडळांना एकत्र व्यासपीठ मिळाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. महाराष्ट्रातून पाहुणे येऊ लागले, तेव्हा त्यांना आपल्याच कोकणातला नाच हिंदी महासागराच्या त्या टोकाला भेटला.

गाव सोडून गेलेल्यांनी कला जगवल्याच्या अशा घटना जगात इतरत्रही घडल्या आहेत. ग्रीकांचे उदाहरण सर्वात बोलके. कोस बेटावर जन्मलेली गायिका मारिका पापागिका १९१५ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि १९१८ पासून तिथल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांसाठी ग्रीक लोकगीते गाऊ लागली. तिच्या तबकड्या स्थलांतरित ग्रीकांच्या घरोघरी वाजल्या. आशिया मायनरमधून १९२२ नंतर हाकलल्या गेलेल्या ग्रीक निर्वासितांनी पिरेअस बंदराच्या वस्त्यांत रेबेटिको हे गाणे वाढवले. सुरुवातीला हलके समजले गेलेले ते गाणे २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. मॉरिशसमधल्याच भोजपुरी स्त्रियांच्या लग्नगीतांना, म्हणजे गीत-गवईला, २०१६ मध्ये तोच मान मिळाला. या दोन्ही कलांना कोणीतरी वेळेवर ध्वनिमुद्रित केले, लिहून घेतले, शिकवण्याची सोय केली.

जाखडीच्या मुंबईतल्या घराला १९८२ मध्ये तडा गेला. १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप हरला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गावकीच्या खोल्या ओस पडल्या. काही कुटुंबे गावी परतली, बाकीची नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. नाच त्यांच्यामागे गेला. आधी कॅसेटने आणि आता यूट्यूबने नामवंत शाहिरांचे सामने घराघरांत पोहोचवले. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेमुळे शनिवारी रात्री मुंबईत बारी आणि रविवारी गावात बारी हे शक्य झाले. पूर्वी केवळ पुरुषांच्या असलेल्या या नाचात आता स्त्रियांची पथके उभी आहेत आणि स्त्री शाहीर शक्तीची बाजू मांडतात. ही या शतकातली सर्वात चांगली घडामोड. जो पक्ष शेकडो वर्षे आदिशक्तीचे श्रेष्ठत्व गात आला, त्यात बाईचा आवाज यायला इतका काळ लागला. दामोदर नाट्यगृह मात्र शंभरी ओलांडल्यावर, २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. लोककलावंतांनी आणि कामगार वस्तीतल्या रसिकांनी त्याला विरोध केला, कारण तिथले भाडे त्यांना परवडत होते आणि तो परिसर त्यांचा होता.

नाचाला आज धोका नाही, त्याला तरुण मिळत आहेत. धोका आहे तो वह्यांना. तीन-चार पिढ्यांच्या शाहिरांनी हाताने लिहिलेली हजारो पदे संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर, चिपळूणच्या घरांत माळ्यावर आणि विरार-बदलापूरच्या सदनिकांत पडून आहेत. वाळवी आणि ओल त्यांना फार दिवस टिकू देणार नाही. रत्नागिरीतल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि मुंबईतल्या वाडी-मंडळांनी या वह्यांची छायाचित्रे घेणे, वृद्ध शाहिरांकडून चाली ध्वनिमुद्रित करून घेणे आणि मॉरिशसच्या झाकरी पदांशी त्या ताडून पाहणे, हे काम लगेच हाती घ्यावे. ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये.